ल्योंमधले शनिवार

आम्ही फ्रान्सला जाऊन आलो आणि पॅरिसला गेलोच नाही, हे आमच्या धुळ्याच्या गल्लीत अजून कोणाला पटलेलं नाही. आल्यापासून प्रत्येकाने आयफेल टॉवरचे फोटो मागितले. नाहीत म्हटल्यावर लोक माझ्याकडे अशा नजरेने बघतात, जणू आम्ही नाशिकला राहून आलो आणि नाव फ्रान्सचं सांगतोय. मग तीन आठवडे एकाच गावात केलं काय, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर फाटकाशी उभं राहून देता येण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

ते गाव म्हणजे ल्यों. रोन आणि सोन या दोन नद्यांच्या मधे वसलेलं मोठं शहर. फ्रेंच माणसं त्याचं नाव अशा नाकातून घेतात की शेवटचं अक्षर ऐकू येण्याआधीच विरून जातं. कॉलेजात मी जन्मभर भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशात या दोन नद्या छडीने कितीतरी वेळा दाखवल्या असतील, पण त्यांच्या काठावर बसून आपण कधी संत्रं सोलून खाऊ असं काही मनात आलं नव्हतं.

आमची मुलगी कल्याणी त्या शहरात शिकायला होती आणि मादाम जिनेत नावाच्या बाईंच्या घरी राहायची. आता ती बंगळुरूला नोकरी करते. आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर तिने तिकिटं काढून टाकली आणि बजावलं की टूरबरोबर धावायचं नाही, दहा गावं पाहायची नाहीत, मादामच्या घरी राहायचं आणि आराम करायचा.

आता आमच्या घरातलं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझे यजमान प्रभाकर. तोंडाने मी त्यांना 'अहो'च म्हणते, इथे लिहिताना नावाने लिहिते. त्यांची नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, माझी धुळ्यात. लग्नानंतर वर्षभरात कोणाची तरी बदली होईल असं म्हणत म्हणत सगळी नोकरी संपली. ते तिकडे क्वार्टरमध्ये, मी आणि कल्याणी इकडे. शनिवारी संध्याकाळी ते भुसावळ-जळगाव करत बसने यायचे आणि सोमवारी उजाडायच्या आत निघायचे. लोक माझ्यासाठी हळहळायचे. मला शनिवार होता, त्यामुळे हळहळण्यासारखं काही वाटत नव्हतं.

मग आम्ही थोड्या अंतराने निवृत्त झालो आणि पहिल्यांदाच सगळे वार एका छपराखाली आले. त्यांनी माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून दिले. मी त्यांचा रेडिओ येता-जाता बारीक करू लागले. शिफ्टच्या सवयीने ते अंधारात उठत आणि बादल्या वाजवत. भांडण म्हणावं असं काही झालं नाही, पण बोलणं हळूहळू आटलं. पावसाळ्यात एकदा जेवता जेवता ते म्हणाले, "मी पहूरला जाऊन राहतो म्हणतो. शेत आहे, भाऊ आहे. तू येत जा अधूनमधून."

पहूर म्हणजे जामनेर तालुक्यातलं त्यांचं गाव. मी 'बरं' म्हटलं आणि ताटं उचलली. मोरीशी उभी राहिले तेव्हा मला वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचंच जास्त वाईट वाटत होतं. तिकिटं आलेली होती. ठरलं असं की फ्रान्स करून यावं आणि मग त्यांचं सामान पहूरला हलवावं. कल्याणीला यातलं काही सांगितलं नाही.

टेकडीवरचं घर

मादाम जिनेत सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, केस बारीक कापलेले, आणि आवाज मात्र भाजीबाजारातला. दारात त्यांनी प्रभाकरांना रीतीप्रमाणे गालाला गाल लावायला तोंड पुढे केलं आणि नेमका त्याच क्षणी प्रभाकरांनी नमस्कार केला. मादामचा चष्मा उडाला. तो उचलायला दोघंही वाकले आणि डोक्यावर डोकं आपटलं. आमची ओळख अशी झाली.

घर क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. हा सगळा भाग पूर्वी रेशीम विणणाऱ्यांचा. त्यांचे माग इतके उंच असत की त्यासाठी घरांची छतंच उंच बांधली. आमच्या खोलीत एकावर एक दोन माणसं उभी राहिली असती तरी छताला हात लागला नसता. खिडक्याही तशाच, दरवाजाएवढ्या. पलंगावर पडल्या पडल्या खाली शहराची लाल कौलं दिसायची, आणि हवा स्वच्छ असली की फार लांबवर बर्फाचे डोंगर.

मादामना इंग्रजी येत नाही, आम्हाला फ्रेंच येत नाही. प्रभाकर मोबाइलमध्ये बोलून भाषांतर करून दाखवायचे. मला तो खटाटोप जमेना. माझं माहेर शिरपूरकडचं, तिथली बोली अहिराणी. मी विचार केला, बाईंना कळायचं नाहीच तर निदान आपल्याला सोपं पडेल असं बोलावं. पहिल्याच संध्याकाळी भोपळ्याचं सूप संपल्यावर मी भांडं उलटं करून म्हटलं, "बठ्ठं सरी गयं, माय." म्हणजे सगळं संपलं. मादाम लगेच उठून आणखी घेऊन आल्या. त्यानंतर आमचा कारभार तसाच चालला. त्या फ्रेंचमध्ये सांगायच्या, मी अहिराणीत उत्तर द्यायचे, आणि प्रभाकर मोबाइल घेऊन मागे राहायचे.

खाण्याची मला धास्ती होती, कारण मी अंडंही खात नाही आणि हे शहर मांसाच्या पदार्थांसाठी नावाजलेलं. दुसऱ्या दिवशी मादामनी पांढरंशुभ्र काहीतरी वाडग्यात आणून ठेवलं. प्रभाकरांनी मोबाइलला नाव विचारलं तर उत्तर आलं, 'विणकराचा मेंदू'. मी खुर्ची मागे सरकवली. मादाम हसता हसता कपाटापर्यंत गेल्या आणि दुधाची पिशवी, लसूण, कांद्याची पात असं एकेक काढून माझ्यापुढे मांडलं. आपला चक्काच तो, मीठ-मिरी आणि लसूण घातलेला. इथल्या विणकरांना श्रीमंत लोक गमतीने काय काय म्हणत, त्यातलं हे नाव उरलं असावं. पुढे तो मेंदू मी रोज खाल्ला, पावाला लावून.

आम्ही गेलो तेव्हा तिथला शरद होता. आपल्याकडे पानगळ येते ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. पानं वाळून कुरकुरीत होतात आणि वाऱ्याबरोबर फुफाटा उडतो. तिथे पानं थंडीच्या आधी गळतात आणि गळायच्या आधी रंगतात. सोन नदीच्या काठाने ओळीने उभी झाडं हळदीसारखी पिवळी झाली होती. मधेच एखादं तांबड्या भोपळ्याच्या रंगाचं. पानं भिजून रस्त्याला चिकटायची, त्यावरून पाय घसरायचा, आणि हवेत भाजलेल्या चेस्टनटचा वास असायचा. कोपऱ्याकोपऱ्यावर माणसं शेगड्या घेऊन उभी. कागदाच्या पुडीत गरम चेस्टनट घ्यायचे, हात शेकून घ्यायचे, मग सोलून खायचे. चव आपल्या उकडलेल्या रताळ्याच्या जवळची.

जुन्या गावातली चुकामूक

आराम करायचा असं ठरलं होतं, पण प्रभाकरांनी विमानातच आखणी करून ठेवली होती. कुठल्या दिवशी कुठलं चर्च, कुठलं संग्रहालय, किती वाजता निघायचं, सगळं. ते पुढे चालणार आणि मी मागे. मला एखाद्या कॉफीच्या टेबलाशी बसून लोक बघावेसे वाटत. बायका इतक्या थंडीत बाहेर बसून कशा गप्पा मारतात, कुत्र्याला खुर्ची कशी देतात, हे मला चर्चइतकंच बघण्यासारखं वाटे. मी बसले की ते घड्याळ बघत उभे राहत. उभ्या माणसाशेजारी बसून कॉफी पिणं फार अवघड असतं.

सोनच्या पलीकडे जुनं गाव आहे. तिथे एक मजा आहे. एका घराचं साधं लाकडी दार ढकलायचं, की आत अंधारा बोळ लागतो. तो चौकात उघडतो, तिथून दुसरा बोळ, आणि आपण मागच्या भलत्याच रस्त्यावर निघतो. लोकांची राहती घरं, पण जाण्यायेण्याची वाट सगळ्यांसाठी मोकळी. पूर्वी कापड पावसात भिजू नये म्हणून विणकर अशा वाटांनी जात, असं सांगतात.

अशाच एका बोळात प्रभाकर पुढे गेले आणि मी चौकातला गोल जिना बघत रेंगाळले. गुलाबी भिंत, वर चढत गेलेल्या कमानी, खाली एक जुनी विहीर. मान खाली केली तर ते नव्हते. समोर दोन बोळ होते. मी एकातून बाहेर पडले, ते दुसऱ्यातून गेले असावेत. मी रस्त्यावर उभी राहिले आणि पर्समधला मोबाइल काढला नाही.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. अनोळखी देशात, अनोळखी रस्त्यावर, नवरा हरवलेला, आणि मला मोकळं वाटत होतं. त्याने मी घाबरले. पहूरचं जे ठरलं होतं ते मग खरंच आहे, असं वाटलं. तरी त्यांना फोन केला नाही. फक्त एवढंच लिहून पाठवलं, 'मी ठीक आहे, घरी येते.' आणि पर्स बंद केली.

ती दुपार मी एकटीने घालवली. एका छोट्या दुकानात गुलाबी साखरेतल्या बदामांचा एक प्रकार मिळतो, त्याची चकती बोटाने दाखवून घेतली. इतकी गोड की आपली जिलबी मागे पडावी. ती खात नदीकाठी बसले. शेजारी एक आजोबा येऊन बसले आणि बदकांना पाव टाकता टाकता माझ्याशी फ्रेंचमध्ये बरंच बोलले. मी 'हो ना' म्हणत राहिले. उठताना त्यांनी टोपी काढून मान लववली. मग टेकडी चढताना मी वाट चुकले, कुठल्यातरी शाळेच्या मागे निघाले. तिथे शाळा सुटलेली होती आणि आयांच्या घोळक्यातून मी वाट विचारत विचारत वर आले. पायऱ्या संपता संपत नव्हत्या. दर वळणावर मी मागे वळून शहर बघत होते.

घरी प्रभाकर स्वयंपाकघरात बसले होते. त्यांनी दोन्ही बोळ कितीदातरी पालथे घातले होते आणि मग माझा निरोप वाचून घरी आले होते. चेहरा उतरलेला. मादामनी आमच्याकडे एकदा बघितलं, सूप वाढलं आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

मग प्रभाकरांनी विचारलं, "कुठे होतीस?"

आधी मी तुटक सांगितलं. मग बदकांच्या आजोबांचं सांगताना मलाच हसू आलं, मग शाळेचं, चुकलेल्या वाटेचं. आजोबांची नक्कल करून दाखवली. तेही मग सांगू लागले. मला शोधताना ते एका दारातून थेट कोणाच्या तरी घरात शिरले होते. आतल्या बाई कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांनी न दचकता इस्त्री खाली ठेवली, प्रभाकरांचा हात धरला आणि रस्त्यापर्यंत आणून सोडलं, जसं काही हे रोजचंच. ते चिडले किंवा रंगात आले की त्यांच्या बोलण्यात पहूरचं बोलणं येतं. "मले वाटलं आता पोलीस बोलावते," असं ते म्हणाले आणि स्वतःच इतके हसले की सूप सांडलं.

सूप गार होऊन गेलं होतं. आम्ही तसंच खाल्लं. मग ते म्हणाले, "आज शनिवार असल्यासारखं वाटलं."

मला जे महिनोन्महिने समजत नव्हतं ते त्या एका वाक्यात समजलं. आम्हाला एकमेकांचा कंटाळा आला नव्हता. आम्ही दिवसभर तेच बघत होतो, तेच ऐकत होतो, तेच खात होतो, आणि एकमेकांना सांगण्यासारखं काही उरत नव्हतं. जन्मभर आम्ही एकमेकांना गोष्टी सांगत संसार केला होता.

वेगवेगळ्या सकाळी

त्यानंतर आम्ही सकाळी वेगळे निघायचो आणि दुपारी जेवायला भेटायचो. ती आखणी कुठे गेली कोण जाणे. मादामना आधी हे विचित्र वाटलं. भांडण झालं का, असं त्यांनी खुणेने विचारलं. मी अहिराणीत समजावलं, आणि त्यांना काय समजलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून त्या दोन वेगळ्या पिशव्यांत पाव बांधून देऊ लागल्या.

मी बागेत जायचे. तिथे तळं आहे, हरणं आहेत, आणि त्या थंडीतही उशिराचे गुलाब फुललेले होते. मी मेट्रोत बसायला शिकले, कॉफी मागायला शिकले. एकदा डोंगर चढणाऱ्या छोट्या रेल्वेत बसून वरच्या मोठ्या चर्चपाशी गेले आणि दोन्ही नद्या एका नजरेत बघितल्या. नकाशा खाली अंथरल्यासारखा. मी तिथे कठड्याला टेकून इतका वेळ उभी होते की एका बाईने येऊन माझी विचारपूस केली.

प्रभाकरांना टेकडीवर एक जुना माग सापडला. एक विणकर अजून तो चालवून दाखवतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ मागावर फिरते आणि त्या भोकांप्रमाणे नक्षी आपोआप विणली जाते. प्रभाकर तिथे तीन सकाळी गेले. नोकरीभर कंट्रोल रूममध्ये काट्यांकडे बघत बसलेला माणूस, त्याला त्या पुठ्ठ्यांचं वेड लागलं. दुपारी जेवताना त्यांनी मला बोटांनी टेबलावर दाखवलं, कुठला धागा वर जातो आणि कुठला खाली राहतो. ते गोष्ट थोडी वाढवून सांगतात हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. विणकराने त्यांना माग चालवायला दिला असं ते म्हणाले. दिला नसेल. मी विचारलं नाही.

शेवंती

त्या वर्षी दिवाळी उशिरा आली होती. ऑक्टोबर संपत आला तसा टेकडीवरचा बाजार शेवंतीने भरून गेला. पिवळी, पांढरी, तपकिरी, जांभळट, कुंडीच्या कुंड्या, एकेका झाडाला शेकडो फुलं. मला वाटलं, बघा, परक्या मुलखातही लक्ष्मीपूजनाची तयारी चालू आहे. सगळ्यात मोठी पिवळी कुंडी घेतली, प्रभाकरांनी ती चार मजले चढवली आणि आम्ही दोघांनी मिळून मादामच्या हातात दिली.

मादामनी कुंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग हसू लागल्या ते खोकला येईपर्यंत. प्रभाकरांनी मोबाइल पुढे केला. त्यावरून कळलं की शेवंती ही तिथे मेलेल्या माणसांची फुलं. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर ती ठेवतात. जिवंत बाईला कोणी देत नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मादामनी माझा गाल थोपटला आणि सांगितलं की काही बिघडलं नाही, त्या ही कुंडी आपल्या नवऱ्याला नेतील, त्याला पिवळा रंग आवडायचा. आणि आम्हीही यावं.

तो दिवस नेमका आमच्या लक्ष्मीपूजनाचा होता. सणाच्या सकाळी स्मशानात जायचं हे माझ्या मनाला पटेना. मी प्रभाकरांना म्हटलं की तुम्ही जा, मी पूजेची तयारी करते. ते म्हणाले, "आल्यावर आंघोळ कर. पण चल. एवढ्या पायऱ्या उतरून ती बाई कुंडी एकटी नेईल, ते बरं दिसणार नाही."

मी गेले, आणि गेले ते बरं केलं. स्मशान असं ते वाटतच नव्हतं. सगळीकडे शेवंती. म्हातारी माणसं, तरुण पोरं, बाबागाड्या, जो तो पाण्याची झारी घेऊन दगड धूत होता. मादामनी नवऱ्याचा दगड पुसला, कुंडी ठेवली, पिशवीतून छोटी घडीची खुर्ची काढून बसल्या आणि त्याच्याशी बोलायला लागल्या. मोठ्याने. मधेच आमच्याकडे बोट दाखवलं, मधेच रागावल्या. प्रभाकरांनी हळूच मोबाइल पुढे धरला. नवऱ्याने बसवलेला न्हाणीघरातला नळ परत गळतोय, आणि तेव्हाच सांगितलं होतं की नीट बसव, असं त्या त्याला बोलत होत्या. प्रभाकरांनी मोबाइल खिशात टाकला. आम्ही दोघं जरा लांब जाऊन उभे राहिलो. त्यांनी माझा हात धरला होता हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. धुळ्यात रस्त्यावर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

घरी आल्यावर आंघोळी केल्या. प्रभाकरांनी न सांगता न्हाणीघरातला नळ उघडून दुरुस्त केला. बाजारात मला काळी, लांबट वांगी मिळाली होती. आपली भरताची हिरवी वांगी नव्हेत, पण दिवाळीला भरीत हवंच होतं. ती भाजायची कशावर हा प्रश्न मादामनी सोडवला. चेस्टनट भाजायची त्यांची एक लांब दांड्याची तवी आहे, बुडाला भोकं असलेली. गॅसवर तिच्यात वांगी इतकी छान भाजली गेली की मी तशी तवी बरोबर घेऊन आले आहे. आत कांद्याची पात, ठेचा, शेंगदाणे, तेल. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ मी धुळ्याहूनच नेलं होतं, त्याच्या भाकरी थापल्या. मादामना ठेचा झोंबला. त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा वाढून घेतलं.

पणत्या मात्र नव्हत्या. सामान जड होतं म्हणून मी त्या शेवटी काढून ठेवल्या होत्या. मी मादामना हाताने ज्योत दाखवली. त्या खुर्चीवर चढल्या आणि त्यांनी कपाटावरचं जुनं खोकं खाली काढलं. आत रंगीत काचेचे छोटे छोटे ग्लास, लाल, निळे, हिरवे, आणि प्रत्येकात मेणबत्ती ठेवायची जागा. डिसेंबरात एका संध्याकाळी त्या शहरात घरोघर खिडकीच्या कठड्यावर असे दिवे लावतात. तोवर खोकं कधी उतरत नाही. त्या दिवशी उतरलं.

अंधार पडल्यावर आम्ही तिन्ही उंच खिडक्यांत दिवे मांडले. कल्याणीने दिलेला लक्ष्मीचा छोटा फोटो, पुढे साखर आणि ते गुलाबी बदाम. आरती प्रभाकरांनीच म्हटली, नेहमीसारखी बेसूर. समोरच्या घरातला म्हातारा माणूस खिडकी उघडून बघायला लागला. त्याने ओरडून काहीतरी विचारलं, मादामनी त्याहून मोठ्याने उत्तर दिलं. त्यात भारताचं फ्रेंच नाव तेवढं मला कळलं. तो आत गेला. थोड्या वेळाने त्याच्याही कठड्यावर दिवे लागले. मग त्याच्या खालच्या मजल्यावर. मग आमच्या बाजूच्या घरात, तिथल्या लहान मुली टाळ्या वाजवत होत्या. डिसेंबरचे दिवे त्या गल्लीत त्या संध्याकाळी लागले आणि लोक खिडक्यांतून एकमेकांशी बोलत उभे राहिले. मी कल्याणीला फोनवर दाखवलं तर ती रडायला लागली, आणि मग मी.

संगम

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं मिळून दोन्ही नद्यांच्या संगमावर गेलो. माहेरी असताना मी मुडावदला तापी-पांझरेचा संगम पाहिलेला, आणि ते तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला लहानपणी पोहलेले. त्यामुळे आम्ही दोघांनी तज्ज्ञासारखं पाण्याकडे बघितलं. रोन हिरवट-निळी आणि घाईत, सोन मातकट आणि निवांत. टोकावर सिमेंटचा उतार पाण्यापर्यंत जातो, तिथे आम्ही बसलो. वारा बोचरा होता. मी संत्रं सोललं आणि अर्धं त्यांना दिलं.

पहूरचा विषय त्या तीन आठवड्यांत एकदाही निघाला नव्हता. तो त्यांनीच काढला. "मी पहूरला जाणार आहे," ते म्हणाले. माझ्या हातातली फोड तशीच राहिली. मग ते म्हणाले, "सोमवारी जाईन. शेतावर काहीतरी करेन. शुक्रवारी घरी येत जाईन. तूही तुझं काहीतरी काढ. तुझ्या कॉलेजातल्या बायका तुला अजून शिकवायला बोलवतात."

मी पाण्याकडे बघत फोड खाल्ली.

"गुरुवारी या," मी म्हटलं. "शुक्रवार फार लांब होतो."

ते हसले. आम्ही उठलो आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत नदीकाठानेच चालत आलो. त्या दिवशी ते पुढे गेले नाहीत.

धुळ्याला आल्यावर पहिल्या सोमवारी मी त्यांना डबा बांधून दिला. पिशवीत दोन सदरे, टॉवेल आणि औषधं, एवढंच सामान. बसस्टँडपर्यंत रिक्षाने सोडायला गेले. घरी येऊन मसाल्याचे डबे माझ्या पद्धतीने लावले आणि रेडिओ मात्र चालू ठेवला. मंगळवारी आमच्या जुन्या कॉलेजमधल्या मैत्रिणीकडे जाऊन आले, तिथे इतक्या गमती झाल्या की कोणाला कधी सांगते असं झालं.

आणि बुधवारी संध्याकाळी दारात ते उभे. लाइट नव्हती, मोटार चालत नव्हती, मग तिथे बसून काय करायचं, असं काहीतरी ते सांगत होते. पहूरला लाइट होती की नव्हती, याची चौकशी मी केली नाही. चहा टाकला आणि म्हटलं, आधी तुम्ही सांगा.

ते चपला काढायच्या आधीच सांगायला लागले.